रात्री दोनची फोनवरची ऑर्डर : सिस्टरनं कुठपर्यंत जायचं?

नाईटवाली_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी जीएनएम (डिप्लोमा झालेली नर्स), नोकरीला अकरा वर्षं झाली. कोल्हापुरातल्याच एका तीस खाटांच्या खासगी दवाखान्यात आहे. नाव विचारू नका, सांगणार नाही.

गेल्या आठवड्यात नाईट होती. मजल्यावर मी, एक नवी मुलगी आणि चौदा पेशंट. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक काका पावणेदोनला उठून बसले, दुखतंय म्हणून. डायक्लोफिनॅकचा डोस दहाला देऊन झाला होता, त्यापुढं केस पेपरवर काही लिहिलेलं नव्हतं. काकांचा मुलगा काउंटरवर हात आपटायला लागला, "अहो काहीतरी द्या की!" आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, खाली कॅज्युअल्टीत अडकलेले. सरांना फोन लावला, तिसऱ्या खेपेला उचलला. सर म्हणाले, "ट्रॅमाडॉल हंड्रेड लावा," आणि फोन बंद.

मी शंभर मिलिग्रॅम सलाईनच्या शंभर मिलीच्या बाटलीत घालून सावकाश लावलं. अर्ध्या तासात काकांना चक्कर आणि उलट्या. तीनदा ट्रे बदलला. पहाटे शांत झोपले.

सकाळी राऊंडला सर विचारतात, "हे कुणी सांगितलं?" म्हटलं, तुम्हीच. तर म्हणाले, "मी असं काही सांगितलेलं नाही." आता ऑफिसनं खुलासा मागितलाय. त्यात वाक्य आहे, 'डॉक्टरांच्या आदेशाविना स्वतःच्या अधिकारात औषध दिले.'

कायदा नेमका काय म्हणतो? निम्मी रात्र आम्ही फोनवरच्या ऑर्डरवर काढतो. ते सगळं बेकायदा का? आणि पेशंट तळमळत असताना सिस्टरनं नुसतं बघत बसायचं का?

पेठेतला_पैलवान

सिस्टर, काका बरे हायत न्हवं? मग निम्मं टेन्शन सोडा. आमचं अपेंडिक्स काढलं तेव्हा डॉक्टर दिवसातनं दोन मिनिटं दिसायचे. बाकी सगळा दवाखाना सिस्टरच चालवत्यात, हे आख्ख्या मंगळवार पेठेला ठाऊक हाय. कायद्याला कधी कळणार कोण जाणे.

औषधवाला

राजारामपुरीत मेडिकल आहे, एकोणीस वर्षं. काउंटरच्या बाजूनं सांगतो.

शेड्यूल एचच्या औषधाच्या पट्टीवरच छापलेलं असतं की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. ट्रॅमाडॉल तर एच-वनमध्ये आहे, लाल चौकटीतलं. २०१४ पासून त्याची वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. शिवाय २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्यातही आलंय.

मागं एका दवाखान्यातनं वॉर्डमधला मामा रात्री साडेअकराला चिठ्ठी घेऊन आला. 'ट्रॅमाडॉल पाच अँप्युल', खाली सही सिस्टरची. मी दिलं नाही. मामानं मला जे काही ऐकवलं ते इथं लिहिलं तर धागाच उडेल. सिस्टरचा दोष नव्हता, डॉक्टर घरी होते. पण वहीत डॉक्टरच्या रकान्यात मी काय लिहू?

पेठेतला_पैलवान

अवांतर : आमच्या आत्याच्या वाडीवर किराणा दुकानदार पॅरासिटामॉल विकतोय की गुळाशेजारी ठेवून. त्याला कोण इचारत न्हाई?

औषधवाला

@पैलवान, हसाल, पण ते कायद्यात बसतं. शेड्यूल के म्हणून सवलतींची यादी आहे. हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या गावात पॅरासिटामॉल, अँटासिड, मलम असली घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात. गुळाशेजारी ठेवावीत की नाही ते मात्र लिहिलेलं नाही.

नाईटवाली_सिस्टर

म्हणजे वाडीवरच्या किराणावाल्याला जमतं आणि ऑर्डर नसेल तर मला वॉर्डात तीच गोळी देता येत नाही. छान.

अ‍ॅड_करवीर

वकील आहे, वैद्यकीय निष्काळजीपणाचे थोडेफार खटले चालवलेत. तीन गोष्टी एकत्र कालवल्या जातायत. औषध विकणं, औषध लिहून देणं आणि लिहिलेलं औषध देणं. औषधवाले म्हणतात ते पहिल्याचे नियम, १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम. लिहून देणं हा वैद्यकीय व्यवसायाचा भाग. १९९८ च्या डॉ. मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की औषध लिहून देण्याचा हक्क व्यवसाय करण्याच्या हक्काला जोडूनच येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ चं कलम ३४ पाहा. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिसरी गोष्ट, दिलेल्या ऑर्डरनुसार औषध देणं, हे तर नर्सचंच काम. त्यामुळं धागालेखिकेचा सगळा प्रश्न एका ठिकाणी येऊन थांबतो : ऑर्डर होती की नव्हती? असेल तर ती तिच्या कामाच्या हद्दीत आहे. नसेल तर तिनं डॉक्टरचं काम केलं. आणि आजघडीला कागदावर ऑर्डर नाही.

एक गोष्ट फार थोड्या सिस्टरना माहीत असते. जुन्या दंडसंहितेत कलम ३०४-अ खाली निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर सगळ्यांना कमाल दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं. त्यात कमाल शिक्षा पाच वर्षं झाली, पण वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून घडलं तर दोनच. आणि 'नोंदणीकृत डॉक्टर' कोण, तर वैद्यकीय रजिस्टरमध्ये नाव असलेला. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी त्यात धरलेली नाही. म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच चुकीसाठी, डॉक्टरला कमाल दोन आणि सिस्टरला कमाल पाच.

स्टाफरूम_चहा

काय????

अकरा वर्षं झाली नोकरीला, कुणी सांगितलं नाही. कॉलेजात फ्लोरेन्स नाइटिंगेलची शपथ मात्र तोंडपाठ करून घेतली.

भूलवाला

भूलतज्ज्ञ आहे, शहरातल्या पाच-सहा दवाखान्यांत फिरतो. डॉक्टरांची बाजू मांडतो, शिव्या घाला.

रात्री दोनला झोपेतून उठलेल्या माणसाला आपण काय बोललो ते सकाळी आठवत नाही, हे खरं आहे. लबाडीच असते असं नाही. म्हणून तोंडी ऑर्डरची पद्धत ठरलेली आहे. सिस्टरनं ऐकलेलं लिहायचं, लिहिलेलं फोनवर परत वाचून दाखवायचं, डॉक्टरनं "हो" म्हणायचं, वेळ टाकायची आणि चोवीस तासांच्या आत डॉक्टरनं सही करायची. मानांकन घेतलेल्या रुग्णालयांत हे रोज होतं. लहान दवाखान्यांत "परत वाचा" म्हटलं की सिस्टरला उद्धट ठरवतात.

दुसरं, आम्ही सांगितलं म्हणून डोळे झाकून देऊ नका. नवीन होतो तेव्हा एका थकलेल्या निवासी डॉक्टरनं माझ्यासमोर "केसीएल एक अँप्युल द्या" एवढंच सांगितलं. नवी मुलगी सिरिंजमध्ये भरून थेट पेशंटच्या शिरेत लावलेल्या व्हेनफ्लॉनकडं निघाली. दहा मिलीच्या त्या अँप्युलमध्ये वीस मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. पातळ न करता शिरेत ढकललं तर हृदय जागेवर थांबतं. इनचार्ज सिस्टरनं तिचं मनगट धरलं. काही बोलल्या नाहीत, नुसतं धरलं. सिरिंज ट्रेमध्ये ठेवल्यावर मग त्या निवासी डॉक्टरला जे ऐकवलं ते सीपीआरच्या, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयाच्या, गेटपर्यंत ऐकू गेलं असेल.

तिसरं. सिस्टर, सर नक्की 'ट्रॅमाडॉल' म्हणाले का? पॅरासिटामॉलची शिरेतून द्यायची बाटली शंभर मिलीची असते. आम्ही सगळे तिला 'पॅरासिटामॉल हंड्रेड लावा' असंच म्हणतो.

पेठेतला_पैलवान

आयला. विषय हार्ड झाला.

साबुदाणा_नव्हे

मी होमिओपॅथीवाला, या निमित्तानं एक विचारतो. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा कोर्स करून अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहायची वाट केली. मग तीन-चार वर्षं फक्त औषधं देण्यातच काढणाऱ्या नर्सना असा कोर्स का नाही? की आम्हालाही नको आणि त्यांनाही नको, असं आयएमएचं, म्हणजे अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं?

भूलवाला

तुम्हालाही नको आणि त्यांनाही नको, हेच माझं म्हणणं.

साबुदाणा_नव्हे

निदान प्रामाणिक आहात.

संपादक

होमिओपॅथी विरुद्ध अ‍ॅलोपॅथीसाठी या संकेतस्थळावर आधीच चार धागे आहेत, त्यातला एक आठशे प्रतिसादांवर बंद करावा लागला. इथं विषयावर या. पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत.

गगनबावड्याची_बाई

मी निवृत्त एएनएम, उपकेंद्रावरची नर्स. लोक मला नर्सबाईच म्हणायचे. शहरातल्या सिस्टरचं वाचून वाईट वाटलं आणि थोडं नवलही. कारण आमच्याकडं उलटं होतं.

पावसाळ्यातली गोष्ट. कुंभीचं पाणी रस्त्यावर आलेलं. धनगरवाड्यावरनं पहिलटकरीण आणली, दोघांनी डालग्यात बसवून. पायावर सूज, डोकं दुखतंय म्हणत होती. बीपी १७० वर ११०. पट्टा सोडेपर्यंत पोरीला झटका आला. दात घट्ट, डोळे वर. एमओ साहेबांना, म्हणजे आमच्या डॉक्टरना, फोन लागेना. १०८ ची गाडी पाण्याच्या पलीकडं उभी.

मी मॅग्नेशियम सल्फेट दिलं. दोन मिलीची एक अँप्युल म्हणजे एक ग्रॅम, अशा दहा. पाच एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, खोल. दहा अँप्युल फोडताना बोटं कापतात. तिची सासू कंदील धरून उभी होती आणि फुटलेल्या काचा मोजत होती, आठ, नऊ, दहा. दुसरा डोस आम्ही द्यायचा नाही, पहिला देऊन पुढं पाठवायचं, असा नियम. चिठ्ठीवर वेळ आणि डोस लिहिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं पाणी ओलांडून गाडीत घातली. पोरगी आणि बाळ दोघं वाचली. ते पोर आता शाळेत जातंय.

मला कुणा डॉक्टरची ऑर्डर नव्हती, आणि तरी मी कायदा मोडला नाही. केंद्राच्या आरोग्य खात्यानं २०१० मध्ये काढलेल्या सूचनांत एएनएमला हे द्यायची परवानगी आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिन दहा युनिट स्नायूत, तेही. जंतुसंसर्ग वाटला तर पाठवण्याआधी अँटिबायोटिकचा पहिला डोस, तोही. त्यासाठी तीन आठवडे प्रशिक्षण झालं होतं आणि तक्ता उपकेंद्राच्या भिंतीवर चिकटवलेला होता. लसीचं तर विचारूच नका, दर बाळामागं कोण ऑर्डर लिहितंय?

नाईटवाली_सिस्टर

बाई, नमस्कार तुम्हाला. दहा अँप्युल, कंदिलात.

अ‍ॅड_करवीर

बाईंनी नेमकं बोट ठेवलं. शेड्यूल के मध्येच पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आणि उपकेंद्रातल्या नर्स, एएनएम यांनी दिलेल्या औषधांसाठी वेगळी नोंद आहे. म्हणजे सरकारनं स्वतःच्या सिस्टरला आधी लिहून ठेवलेली ऑर्डर दिली : अमुक लक्षण दिसलं तर अमुक औषध, इतकंच, एकदाच. खासगी दवाखान्यालाही हे करता येतं. डॉक्टरनं दाखल करतानाच पेशंटच्या कागदावर लिहायचं, 'ताप १०१ च्या वर गेला तर हे, दुखणं थांबलं नाही तर ते, दिवसातून कमाल इतक्या वेळा.' दोन ओळींचं काम आहे. धागालेखिकेच्या काकांच्या पेपरवर त्या दोन ओळी असत्या तर हा धागाच निघाला नसता.

सीएचओ_ताई

मी बीएस्सी नर्सिंग, आता उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. उपकेंद्राचं नाव बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झाल्यापासून दोन आज्या चपला बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन आत येतात. एकीनं टेबलापुढं नारळ ठेवला होता.

लोकांना वाटतं मी डॉक्टर. बीपी-शुगरच्या गोळ्या मी देते, पण पहिल्यांदा सुरू करतात पीएचसीचे एमओ. मी दर महिन्याला बीपी मोजून त्याच पुढं देते. वाढलेलं दिसलं तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरना जोडते. डोस वाढवायचा अधिकार मला नाही. २०१९ च्या कायद्यात मर्यादित परवान्याचं कलम आहे, ३२ नंबरचं, पण माझ्या हातात असला परवाना अजून कुणी ठेवलेला नाही. गावात "मॅडम, एक वाढीव लिहा की" म्हणणारे रोज चार असतात.

बाबांची_लेक

पेशंटच्या घरच्यांची बाजू. बाबा अंथरुणावर आहेत, घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोकडून रात्रीची 'सिस्टर' येते. एक दिवस सहज बघितलं तर इन्शुलिनची बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिटवाली, आणि ती भरत होती शंभरच्या सिरिंजमध्ये. नारिंगी टोपणाची. चौदाच्या खुणेपर्यंत. बाटलीवर ४० लिहिलेलं, सिरिंजवर १००, दोन्ही तिच्या हातात. बाबांना महिनाभर सहाही युनिट पुरते जात नव्हते आणि आम्ही शुगर का उतरत नाही म्हणून त्यांच्या खाण्यावर ओरडत होतो. परवा एक केळं खाल्लं म्हणून मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नव्हते.

विचारल्यावर म्हणाली, मी नर्सिंगचा कोर्स केलेला नाही, ब्युरोत आठ दिवस शिकवलं. मुलगी चांगली होती, गरीब घरची. राग कुणावर काढायचा?

भूलवाला

उलटं झालं असतं, म्हणजे शंभरची बाटली आणि चाळीसची लाल टोपणाची सिरिंज, तर अडीचपट गेलं असतं आणि तुम्ही हा प्रतिसाद वेगळ्या आवाजात लिहिला असता. ब्युरोकडून कुणीही आलं तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. नसेल तर ती काळजीवाहक आहे. अंग पुसणं, खाऊ घालणं, कूस बदलणं ठीक. सुईला हात नाही.

मँचेस्टरची_कोल्हापूरकर

सीपीआरमध्ये शिकले, आता बारा वर्षं इकडं. इकडं नर्स औषध लिहून देते, हे खरं, पण एका रात्रीत झालेलं नाही. १९९२ मध्ये कायदा झाला, सुरुवातीला छोटी यादी. २००६ पासून जास्तीचं शिक्षण घेतलेल्या नर्सला जवळजवळ सगळी औषधं लिहिता येतात, तीही स्वतःच्या कामाच्या क्षेत्रातली. मी मधुमेहाच्या क्लिनिकमध्ये आहे. इन्शुलिन लिहिते, शेजारच्या खोलीतल्या पेशंटच्या हृदयाच्या गोळीला हात लावत नाही.

आणि ज्यांनी तो कोर्स केलेला नाही त्या नर्सना आधीच सही केलेल्या लेखी सूचना असतात, ठरलेल्या पेशंटगटाला ठरलेलं औषध. गगनबावड्याच्या बाईंच्या भिंतीवरचा तक्ता तो हाच. मला इथं येऊन ते शिकवलं तेव्हा फार आधुनिक वाटलं होतं. आपल्या गगनबावड्यात हे आहे हे आज कळलं.

परत वाचून दाखवायचं म्हणाल तर मी कोल्हापुरी आवाजात वाचते. डॉक्टर दोनदा "सॉरी?" म्हणतात, आपोआप तीनदा वाचून होतं.

पेठेतला_पैलवान

ताई, तांबडा-पांढरा मिळतोय का तिकडं?

मँचेस्टरची_कोल्हापूरकर

मसाला इचलकरंजीहून येतो. बाकी नर्सिंगच्या धाग्यावर नको, संपादक बघतायत.

नाईटवाली_सिस्टर

भूलवाले सर, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. खरं सांगते. आवाज तुटत होता. "…मॉल हंड्रेड लावा" की "…डॉल हंड्रेड लावा", मला शपथेवर सांगता येणार नाही. डायक्लोफिनॅक देऊन झालं होतं, त्यामुळं डोक्यात पुढचं ट्रॅमाडॉलच होतं, आणि कानानं तेच ऐकलं. वर मी पहिल्या पोस्टमध्ये छातीठोकपणे लिहिलं, सर खोटं बोलले असल्यासारखं. ते चुकलं.

पण परत फोन का केला नाही, तेही सांगते. तिसऱ्या खेपेला उचलला होता. चौथ्यांदा लावायची छाती झाली नाही.

स्टाफरूम_चहा

शेवटच्या ओळीवर आख्ख्या कोल्हापुरातल्या सिस्टर अंगठा देतील.

अ‍ॅड_करवीर

खुलाशात हेच लिहा. फोन केला ही गोष्ट लपवण्यासारखी नाही, कॉलची नोंद मोबाईलमध्ये आहे. तारीख, वेळ, किती सेकंद, स्क्रीनशॉट काढून जोडा. ऑर्डर ऐकली, ऐकण्यात चूक झाली असण्याची शक्यता मान्य आहे, स्वतःच्या अधिकारात दिलं हे मान्य नाही. रात्री किती पेशंटमागं किती स्टाफ होता ते लिहा. तोंडी ऑर्डर नोंदवायची काय व्यवस्था दवाखान्यानं केली होती, हेही नम्रपणे विचारा. कर्मचाऱ्याच्या चुकीची भरपाई शेवटी रुग्णालयाच्याही गळ्यात येते, २००४ च्या सविता गर्ग निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. ऑफिसला हे माहीत असतं. आठवण मात्र करून द्यावी लागते.

गगनबावड्याची_बाई

आणि लेकी, त्या नव्या मुलीला जवळ बसवून सांग काय झालं ते. तिला उद्या रात्री एकटीला काढायचीय.

नाईटवाली_सिस्टर

तीन आठवड्यांनी परत आले. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणं खुलासा दिला. 'स्वतःच्या अधिकारात' हे शब्द काढले, लेखी ताकीद मात्र राहिली. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मी पॅरासिटामॉलच म्हणालो होतो, पण लावलं की नाही ते विचारायला मीही परत फोन केला नाही. एवढंच. माफी वगैरे कुणी कुणाची मागितली नाही.

काउंटरवर आता एक जाड वही आहे, दोरीनं बांधलेली, कारण पहिली दुसऱ्याच दिवशी गायब झाली. रकाने आम्हीच आखले. वेळ, पेशंट, औषधाचं पूर्ण नाव, मिलिग्रॅम की मिली, कसं द्यायचं, परत वाचलं का, डॉक्टरची सही. एक सर सही करताना अजून तोंड वाकडं करतात. दुसरे म्हणाले, वही कशाला, व्हॉट्सअ‍ॅप टाकतो, आणि खरंच टाकायला लागले. ते मेसेज आम्ही वहीत उतरवून घेतो.

काका टाके काढायला आले होते. जाताना काउंटरपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, त्या रात्री ओकलो ते ओकलो, पण दुखणं पार पळालं होतं बघा. नाव काय त्या इंजेक्शनचं?"